आठवणींच्या डबीला खिडकी

दिवाळीच्या आधी आठ-पंधरा दिवस घराघरांतून जी उलथापालथ सुरू होते, तिच्यात जुन्या वस्तू पुन्हा एकदा बोलक्या होतात. माळ्यावरचा रेडिओ खाली येतो. त्याच्या मागचा पुठ्ठा काढला की आतले काचेचे व्हॉल्व्ह दिसतात. बंद पडलेल्या गजराच्या घड्याळाचे झाकण उघडले की चाकात चाक अडकलेले दिसते आणि घरातले धाकटे पोर ते बोटाने फिरवून पाहते. शिवणयंत्र, स्टोव्ह, सायकल, ग्रामोफोन या साऱ्यांचा एक मोठा गुण असा, की ती काय करतात हे त्यांच्याकडे पाहून कळते. कळत नाही ते एकाच वस्तूचे, आणि नेमकी तीच वस्तू आता घराघरांतून आणि कचेऱ्यांतून भंगारात निघू लागली आहे. ती म्हणजे कॉम्प्युटर.

जव्हार-मोखाड्यासारख्या डोंगरी तालुक्यांतही पंचायती, शाळा, महाविद्यालये आणि दाखले काढून देणारी केंद्रे यांतून कॉम्प्युटर शिरले त्याला आता बरीच वर्षे झाली. पहिल्या खेपेचे केव्हाच म्हातारे होऊन कपाटामागे धूळ खात पडले आहेत. त्यांच्या पोटात धातूची एक चपटी डबी असते. साधारण पानाच्या डब्याएवढी, पण हातात घेतली तर वाटते त्याहून जड. हिलाच हार्ड डिस्क म्हणतात. कॉम्प्युटरला जे जे म्हणून कायमचे आठवते ते सारे या डबीत. वर एक कागदी लेबल, आणि लेबलावर दम भरलेला असतो की उघडाल तर हमी रद्द!

आता मौज अशी, की जगात काही हौशी मंडळी या डबीला चक्क खिडकी पाडतात. झाकणाचा तुकडा कापून तेथे पारदर्शक पत्रा बसवतात आणि आत काय चालते ते पाहत बसतात. रिकामटेकड्यांचा उद्योग म्हणून कोणी यावर हसेल. परंतु ती खिडकी एकदा पाहिलेला माणूस आपल्या आठवणी कोणाच्या हाती सोपवाव्यात याविषयी थोडा अधिक शहाणा होतो, असा आमचा अनुभव आहे. आणि तो सांगावा म्हणूनच मराठी शिकवणाऱ्या माणसाने यंत्राविषयी लिहिण्याचे हे धाडस केले आहे.

डबीत असते तरी काय?

ज्यांनी ग्रामोफोन पाहिला आहे त्यांना ही डबी समजायला कठीण नाही. तिच्यातही तबकडी असते. एक असते किंवा एकीवर एक अशा दोन-चार असतात. एका बाजूला खुंटीवर फिरणारा हात असतो, आणि हाताच्या टोकाला सुईच्या जागी एक बारीक शीर्ष, ज्याला सर्वत्र हेड असेच म्हणतात, ते असते. पण साम्य येथेच संपते. ग्रामोफोनची तबकडी काळी आणि चरे असलेली. ही मात्र आरशासारखी लखलखीत. ती ॲल्युमिनियमची किंवा काचेची असते आणि तिच्यावर चुंबकीय द्रव्याचा अतिशय पातळ थर दिलेला असतो. त्या थरातल्या सूक्ष्म ठिपक्यांचे चुंबकत्व या दिशेला की त्या दिशेला, एवढ्या दोनच अक्षरांत सारी बाराखडी लिहिलेली असते.

ग्रामोफोनचा चर बाहेरून आत गुंडाळत जाणारा एकच लांबलचक चर असतो. हार्ड डिस्कवर तसे नसते. तेथे एकात एक अशी हजारो स्वतंत्र रिंगणे असतात. आमच्याकडे तारपा वाजू लागला म्हणजे वाजवणाऱ्याभोवती नाचणाऱ्यांची रांग वेटोळे घेत जाते. ती ग्रामोफोनची रीत. त्याच वाजवणाऱ्याभोवती एकाबाहेर एक अशी हजारो निरनिराळी रिंगणे कल्पावीत, म्हणजे हार्ड डिस्क झाली.

नेहमीच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरमधली तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. तिचा व्यास सुमारे साडेनऊ सेंटिमीटर. तेव्हा तिच्या कडेचा वेग ताशी सव्वाशे किलोमीटरांच्या वर जातो. जव्हारहून मोखाड्यावरून नाशिककडे जाणाऱ्या एसटीला स्वप्नातही हा वेग दिसायचा नाही! आणि एवढ्या वेगाने पळणाऱ्या त्या पृष्ठभागावर हेड टेकत नाही. तबकडीबरोबर फिरणाऱ्या हवेच्या थरावर ते तरंगत असते. किती उंचीवर? पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या डिस्कमध्ये दहा-वीस नॅनोमीटर, आणि आताच्या डिस्कमध्ये त्याहूनही कमी. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.

हे आकडे बुद्धीला पटतात, पण डोळ्यांपुढे काही उभे राहत नाही. म्हणून सारेच एक लाख पटीने मोठे करून पाहू. मग तबकडी म्हणजे साडेनऊ किलोमीटर रुंदीचे एक गुळगुळीत माळरान होईल. हेड त्या माळरानावरून केवळ एक मिलिमीटर उंचीने धावत असेल. त्याच्या वाटेत धुराचा एक कण पडला तर तो लिंबाएवढा दिसेल, आणि माणसाचा एक केस आडवा पडला तर तो दुमजली घराएवढा उंच असेल. डबी बंद का ठेवतात, हे यावरून ध्यानात यावे. या डिस्क ज्या कारखान्यांत जोडतात तेथल्या एक घनफूट हवेत अर्ध्या मायक्रॉनचे वा त्याहून मोठे कण शंभराहून अधिक नसावेत, असा दंडक असतो.

पुष्कळांची समजूत अशी असते, की या डबीत निर्वात पोकळी असावी. तसे असते तर हेड तरंगले कशावर असते? डबीत हवा असते आणि ती बाहेरच्या हवेशी जोडलेलीही असते. झाकणावर एक इवलेसे छिद्र असते. ते बुजवू नका अशी सूचना शेजारी छापलेली असते, आणि त्याच्या आतल्या अंगाला गाळणी बसवलेली असते. बाहेरचा हवेचा दाब बदलला की डबी त्या छिद्रातून श्वास घेते. अलीकडच्या काही मोठ्या डिस्क मात्र याला अपवाद आहेत. २०१३ पासून हेलियम वायू भरलेल्या डिस्क बाजारात आल्या, आणि त्या अगदी पक्क्या बंद केलेल्या असतात.

जेव्हा सारे उघडे होते

आठवण साठवण्याची ही यंत्रे जन्मापासून अशी बुरख्यात नव्हती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये एक कॉम्प्युटर पुरता उभा राहिला. आपल्या लोकांनी आपल्याच देशात बांधलेल्या त्या यंत्राला पंडित नेहरूंनी १९६२ मध्ये ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. त्याची स्मरणशक्ती २०४८ शब्दांची होती आणि प्रत्येक शब्द ४० अंकांचा. म्हणजे ऐंशी हजारांवर अंक झाले! या प्रत्येक अंकासाठी फेराइटचे एक इवलेसे कडे, आणि ती सारी कडी तारांच्या जाळीत पोतीच्या मण्यांसारखी ओवलेली. एक आठवण म्हणजे एक मणी. पाहायचे असेल त्याने भिंग घ्यावे आणि पाहावे.

चुंबकावर आठवण लिहिण्याची युक्ती त्याहूनही जुनी आहे. डेन्मार्कच्या वाल्डेमार पाउलसेनने १८९८ मध्ये पोलादी तारेवर माणसाचा आवाज चुंबकत्वाने उमटवून दाखवला. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात ऑस्ट्रियाच्या सम्राटाने त्या यंत्रापुढे काही शब्द उच्चारले, आणि ते ध्वनिमुद्रण आजही जपलेले आहे. तारेची जागा पुढे फितीने घेतली आणि फितीच्या जोडीला तबकडी आली.

पहिली हार्ड डिस्क अमेरिकेच्या आयबीएम कंपनीने १९५६ मध्ये जाहीर केली. ‘रॅमॅक’ या यंत्राचा ती एक भाग होती. तिच्यात दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या एकावर एक रचलेल्या असत. दोन हेडे घेऊन एक हात त्या उतरंडीशेजारी लिफ्टसारखा वरखाली होई, आणि हव्या त्या तबकडीपाशी थांबून आत शिरे. वजन एका टनाहून अधिक. साठवण पन्नास लाख अक्षरांची. ज्या डबीविषयी आपण बोलतो आहोत ती ४० गिगाबाइटची म्हणून भंगारात गेली असली, तरी तिच्यात असली आठ हजार यंत्रे मावतील! सोव्हिएत पंतप्रधान ख्रुश्चेव १९५९ मध्ये अमेरिकेत गेले तेव्हा त्यांनाही हे यंत्र मुद्दाम दाखवण्यात आले होते. दाखवण्यासारखे त्यात पुष्कळ होते, कारण तबकड्या फिरताना दिसत, हात धावताना दिसे. कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर इतिहास संग्रहालयात असे एक यंत्र दुरुस्त करून ठेवले आहे.

बुरखा आला तो १९७३ मध्ये. आयबीएमच्या ‘विंचेस्टर’ या टोपणनावाच्या डिस्कमध्ये तबकड्या, हात आणि हेडे अशी सारी एकाच बंद पेटीत घातली गेली. हेड जितके खाली उतरेल तितकी अक्षरे बारीक लिहिता येतात. आणि हेड खाली उतरवायचे तर धूळ बाहेर ठेवलीच पाहिजे. आज आपण खिशातल्या खिशात ग्रंथालये घेऊन हिंडतो त्याचे श्रेय या बंद पेटीला आहे. पण त्याची किंमत अशी मोजावी लागली, की त्या दिवसापासून आठवण डोळ्यांआड झाली.

या कथेत आपल्या मुंबईचाही धागा आहे. सिरजंग लाल टंडन या भारतीय अभियंत्याने १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात एक कंपनी काढली. हेड तयार करणे हे अतिशय बारीक नजरेचे हातकाम, आणि ते काम त्याने भारतात करवून घेतले. अंधेरीच्या सीप्झ वसाहतीत या कंपनीचे काम चाले. पुढे १९८८ मध्ये टंडनने आपला डिस्कचा व्यवसाय वेस्टर्न डिजिटल या कंपनीला विकला. हीच वेस्टर्न डिजिटल या लेखात आता पुन्हा भेटणार आहे.

खिडकीवाले

सन २००० च्या आगेमागे कॉम्प्युटर सजवण्याची एक हौस पाश्चात्य तरुणांत पसरली. आपल्याकडे ट्रकवाले जसे ट्रक नटवतात तसेच म्हणा. पेटीला काचेचा दरवाजा कर, आत रंगीत दिवे लाव, असे चालले असता कोणाला तरी वाटले, की पेटीला खिडकी आहे तर डिस्कला का नको? जुन्या डिस्कवर प्रयोग झाले. पुष्कळ डिस्क मेल्या आणि काही जगल्या. ही हौस इतकी वाढली, की २००६ मध्ये वेस्टर्न डिजिटलने स्वतःच ‘रॅप्टर एक्स’ नावाची डिस्क विक्रीला आणली. १५० गिगाबाइट, मिनिटाला १०,००० फेरे, आणि झाकणावर कारखान्यातच बसवलेली पारदर्शक खिडकी! काम तेच, मोल मात्र चढे. तरीही लोकांनी ती घेतली. यंत्र काम करताना दिसावे यासाठी माणूस पैसे मोजतो, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

जव्हारातला प्रयोग

ज्यांना हे करून पाहायचे असेल त्यांनी पहिला नियम पाठ करावा. ज्या डिस्कमधले काही म्हणजे काही लागत नाही, तीच घ्यावी. जिवंत डिस्क चुकूनही उघडू नये. खिडकी पाडलेली डिस्क काही तास चालेल, काही दिवस चालेल, नशीब असेल तर काही महिनेही चालेल. पण तिच्या भरवशावर काही ठेवता येणार नाही. तेव्हा कामाला ती अर्धीमुर्धी गेलेली डिस्क योग्य, जिची तबकडी अजून फिरते पण जिच्यात जागोजाग वाचता न येणारे भाग झाले आहेत.

आमच्या महाविद्यालयात २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनासाठी मुलांनी हा प्रयोग केला. ४० गिगाबाइटची एक निकामी डिस्क होती. तिच्यातले जुने कागदपत्र आधी पुसून घेतले. झाकणाचे स्क्रू सहा पाकळ्यांच्या फुलासारखे असतात. त्यांना टॉर्क्स म्हणतात आणि त्याचा पेचकस मोबाइल दुरुस्त करणाऱ्याकडे मिळतो. एक स्क्रू हमखास लेबलाखाली दडलेला असतो. तो न काढता झाकण उचकटू गेले की झाकण वाकते. काही डिस्कमध्ये हाताची खुंटी झाकणालाच स्क्रूने आवळलेली असते. तेथे खिडकी त्या जागेपासून दूर घ्यावी लागते, नाहीतर हात डळमळतो.

झाकण निघताच उघड्या डिस्कवर स्वच्छ डबा पालथा घालून ती दूर नेऊन ठेवली, कारण कापाकापीचा भुगा डिस्कच्या वाऱ्यालाही उभा राहता कामा नये. झाकण गेले ते गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडे. खिडक्यांच्या जाळ्या आणि लोखंडी गेट करणाऱ्या त्या माणसाने झाकणात हाताच्या तळव्याएवढे भोक पाडून दिले आणि कडा कानशीने घासून गुळगुळीत केल्या. श्वासाचे छिद्र आणि गाळणी यांना हात लावला नाही. नावाच्या पाट्या करणाऱ्याकडून तीन मिलिमीटर जाडीचा ॲक्रिलिकचा तुकडा आणला. तो झाकणाच्या बाहेरच्या अंगाने सिलिकॉनने चिकटवला आणि दोन दिवस तसाच वाळू दिला. सिलिकॉन ओले असताना व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. ती वाफ आत कोंडली तर धातूला अपाय करते, म्हणून ही सबुरी हवीच.

राहिला धुळीचा प्रश्न. फेब्रुवारीत आमच्याकडची लाल माती अशी उडते, की सकाळी पुसलेले बाक दुपारी पुन्हा पुसावे. कारखान्यातली निर्मळ हवा जव्हारात आणायची कशी? यावर हौशी मंडळींची एक जुनी युक्ती आहे. न्हाणीघरात कढत पाणी सोडून वाफ करायची. वाफ धुळीला घेऊन खाली बसते. मग थोडा वेळ थांबून, ओल निवल्यावर, तेथेच झाकण लावायचे. वसतिगृहाच्या न्हाणीघरात कढत पाण्याच्या चार बादल्या अशा रीतीने विज्ञानाच्या कामी आल्या. ॲक्रिलिक घासले की त्याला स्थिर वीज येते आणि ते धूळ ओढते. म्हणून शेवटचा हात ओलसर मऊ फडक्याने फिरवला.

वीज द्यायची ती कॉम्प्युटरच्याच पुरवठ्यातून. लाल तारेत ५ व्होल्ट, पिवळीत १२, आणि काळ्या परतीच्या. घरातल्या विजेशी या डिस्कचा थेट संबंध कधीही आणू नये. आणखी एक सावधगिरी सांगतो. लॅपटॉपमधल्या लहान डिस्कची तबकडी बहुधा काचेची असते. ती फुटली तर ठिकऱ्या उडतात. आणि हाताच्या बुडाशी असलेले चुंबक इतके जबर असतात, की दोहोंच्या मध्ये बोट सापडले तर रक्त साकळते.

काय दिसले?

बटण दाबले आणि पहिली गंमत झाली. तबकडी फिरते आहे की नाही हेच कोणाला कळेना! आवाज तर येत होता. पण निर्दोष आरसा फिरू लागला तर तो स्थिरच दिसतो. मग हात हलला. टक्कन आत गेला, बाहेर आला, आणि डिस्क कॉम्प्युटरला जोडून मुलांनी तिच्यावर एक फाईल उतरवायला घेतली तेव्हा तो असा थरथरू लागला की डोळ्याला धुके दिसावे. एका जागेवरून दुसरीवर जायला त्याला सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो.

मुलांना सर्वांत अधिक आवडले ते मात्र निराळेच. मध्येच वीज गेली. आमच्याकडे हा पाहुणा न बोलावता येतो. वीज जाताच, तबकडी थांबायच्या आधी, तो हात आपण होऊन मागे सरला आणि आपल्या ठरलेल्या जागी जाऊन बसला. हे कसे घडते? फिरत्या तबकडीत जो जोर उरलेला असतो त्याच्यावर तिची मोटार क्षणभर जनित्राचे काम करते, आणि त्या चिमूटभर विजेवर हात सुखरूप घरी पोचतो. मोखाड्याकडची एक विद्यार्थिनी म्हणाली, “सर, म्हणजे याला माहीत आहे की वीज जाणार!” ज्या अभियंत्यांनी ही योजना केली त्यांना याहून नेमकी शाबासकी कोणी दिली नसेल.

एका विद्यार्थ्याचे आजोबा प्रदर्शन पाहायला आले होते. त्यांनी बराच वेळ खिडकीत पाहिले आणि विचारले, “यात गाणी असतात म्हणता, ती कुठं दिसतात?”

ती दिसत नाहीत, असे त्यांना सांगावे लागले. चुंबकत्व डोळ्यांना दिसत नाही.

“मग तुम्हांला तरी काय दिसलं?” ते हसून म्हणाले.

त्या प्रश्नाचे उत्तर तिसऱ्या दिवशी दुपारी मिळाले. डिस्कमधून खट् खट् असा आवाज येऊ लागला, आणि थोड्या वेळाने ती थांबली. खिडकीतून पाहिले तो आरशावर एक बारीक, रेखीव वर्तुळ उमटले होते. कोठून तरी आत राहिलेला एखादा कण हेडाखाली सापडला, हेड तबकडीला टेकले आणि सेकंदाला शंभरावर फेऱ्यांत त्याने तो थर खरवडून काढला. वर्तुळ केसाएवढे, पण त्या रेषेवर लिहिलेले सारे कायमचे गेले होते. गाणी दिसत नाहीत हे खरे, पण ती कशी जातात ते मात्र दिसले.

दुसरी डिस्क

ही सारी हकीकत येथवर गमतीचीच आहे. पण आमच्या कपाटात आणखी एक डिस्क आहे, आणि तिला खिडकी नाही.

आमच्या एका माजी विद्यार्थ्याने प्रकल्पासाठी एका पाड्यावरच्या धवलेरीची लग्नगीते ध्वनिमुद्रित केली होती. वारल्यांचे लग्न लावते ती धवलेरी. विधी तिच्या मुखात आणि गाणी तिच्या गळ्यात. त्याने मोबाइलवर गाणी घेतली, कॉम्प्युटरवर उतरवली, आणि पुढे मोबाइल बदलला. दोन वर्षांनी ती वृद्धा वारली. त्यानंतरच्या पावसाळ्यात कॉम्प्युटर बंद पडला. आमच्याकडचा पावसाळा ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्याचे नवल वाटणार नाही. भिंतींना ओल येते, पुस्तकांना बुरशी येते, आणि विजेचा लपंडाव तर विचारूच नका. प्रकल्पात उतरवून घेतलेले शब्द कागदावर आहेत. चाल नाही, आवाज नाही.

विज्ञान दिनाच्या आधी मुले तीच डिस्क उघडायला मागत होती. बंदच पडलेली आहे, मग तिलाच खिडकी का पाडू नये? त्यांना तेव्हा नको म्हटले; कारण मात्र त्या वर्तुळाने त्यांना समजावले. ही डिस्क बंद पडली ती बहुधा तिच्या बाहेरच्या हिरव्या पट्टीतल्या किंवा हेडातल्या बिघाडाने. गाणी तबकडीवर जशीच्या तशी असण्याचा संभव आहे. असे काम करणाऱ्या प्रयोगशाळा मोठ्या शहरांतून आहेत. निर्मळ हवेत त्या डिस्क उघडतात, हेड बदलतात आणि सापडेल ते उतरवून देतात. काम खर्चाचे आहे आणि यशाची हमी कोणी देत नाही. पण आपण ती एकदा न्हाणीघरात उघडली, की मग त्या प्रयोगशाळेच्याही हाती फारसे काही राहत नाही.

थोडा विचार केला तर जाणवते, की या दोन तालुक्यांनी अशा डब्यांत किती काय ठेवले आहे! २००६ च्या वनहक्क कायद्याखाली केलेल्या दाव्यांचे कागद आहेत. जातीचे दाखले, गुणपत्रिका, जमिनीचे नकाशे आहेत. बोहाड्यातल्या सोंगांची छायाचित्रे आहेत, आणि ज्यांचा दुसरा फोटोच निघाला नाही अशा माणसांचे चेहरे आहेत. कागद निदान पिवळा पडून, कुरतडला जाऊन आपल्या मरणाची आगाऊ सूचना देतो. ही डबी आदल्या दिवशीपर्यंत ठणठणीत असते. आणि तिच्या पोटात काय नाजूक संसार चालला आहे हे न दिसल्यामुळे आपण तिला तिजोरी समजतो.

नागली-वरई पिकवणारा आमचा शेतकरी पुढच्या वर्षाचे बी खाण्याच्या धान्यात मिसळत नाही. ते निराळे राखतो. कणगीचा भरवसा किती धरावा हे त्याला पक्के ठाऊक असते, कारण ती त्याने स्वतः विणलेली आणि शेणाने लिंपलेली असते. उंदीर कोठून शिरतो हे त्याने पाहिलेले असते. आपण मात्र जिचे झाकण कधी उघडून पाहिले नाही अशा कणगीत सारे बी भरून मोकळे झालो आहोत.

यावर कोणी म्हणेल, की आता नव्या कॉम्प्युटरात तबकडीच नसते. तेथे नुसत्या चिपा असतात, हलणारे काहीच नसते. खरे आहे. त्या वेगवान आहेत आणि धक्क्याला अधिक सोशिक आहेत. पण मरतात त्याही, आणि मरताना खट् खट् असा आवाजही करीत नाहीत. शिवाय त्यांना खिडकी पाडून पाहण्यासारखे काही नाही. काळे चौकोन, बस्स! म्हणजे डोळ्यांना दिसेल अशा रीतीने आठवणारे यंत्र आता भंगारातच मिळणार. भंगारवाल्याच्या तराजूत जाण्याआधी प्रत्येक शाळेने आणि महाविद्यालयाने असे एखादे पोट उघडून मुलांना दाखवावे, हा या लेखाचा आग्रह आहे. खर्च ॲक्रिलिकच्या तुकड्याचा आणि दोन दुपारींचा.

आमच्याकडे त्याचे फळ लगेच दिसले. यंदा मराठीच्या प्रकल्पांसाठी मुले कहाण्या, ओव्या, उखाणे गोळा करून आणत आहेत. प्रत्येक ध्वनिमुद्रणाच्या दोन प्रती काढतात; एक महाविद्यालयात राहते आणि दुसरी जेथून ते गाणे आले त्या पाड्यावरच्या कोणाच्या तरी घरी जाते. असा नियम आम्ही केलेला नाही. ते वर्तुळ पाहिलेल्या मुलांनी तो आपणहून केला.

खिडकीची डिस्क आता प्रयोगशाळेच्या टेबलावर असते. येणारा-जाणारा तिच्यात डोकावतो. दुसरी डिस्क घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्यांसह, कपाटात कुलपाआड आहे. प्रयोगशाळेच्या खर्चासाठी मुलांनी वर्गणी जमवायला सुरुवात केली आहे. डब्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर त्यांच्यापैकीच कोणीतरी लिहिले आहे: उघडू नये. आत आजी आहे.